पान एक्केचाळीसवरचं चित्र

माझ्या मोटारसायकलचा मागचा ब्रेक आता उत्तम लागतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ब्रेकच्या काळजीपोटी कुणी शेवटपर्यंत वाचायला नको. पाय नुसता टेकवला तरी गाडी जागच्या जागी उभी राहते. दुःख ब्रेकचं नाहीच. समोरच्या मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये माझ्यासाठी एक लाकडी खोकं असायचं, खोक्यावर घडी घातलेलं पोतं असायचं आणि त्या पोत्यावर, बारा वर्षं रोज संध्याकाळी, मी असायचो. आता त्या खोक्यावर जुन्या बॅटऱ्या असतात. कुणी विचारलं तर मी सांगतो, ब्रेकमध्ये हवा शिरली आणि सगळं बिघडलं. हवा शिरली हे खरं आहे. आणखी कुठे शिरली, ते सहसा सांगत नाही.

मी पाणीपुरवठ्यात होतो. एकतीस वर्षं व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुवायचे आणि रस्ता ओलांडून मिस्त्रींकडे जाऊन बसायचं, हा माझा नेम. तिथे पेपर असायचा. अर्धा ते घ्यायचे, अर्धा मी. दोघंही गंभीर चेहऱ्याने पानं उलटायचो. थोड्या वेळाने मी म्हणायचो, "आज काही विशेष नाही."

"नाही ना," मिस्त्री म्हणायचे. "काहीच नाही."

मग आम्ही अर्धे अर्धे बदलायचो, पुन्हा पानं उलटायचो, आणि उरलेल्या अर्ध्यातही काही विशेष नाही यावर आमचं एकमत व्हायचं. त्यानंतर चहा.

आता कबूल करायला हरकत नाही. या बारा वर्षांतली साडेदहा वर्षं मला वाचता येत नव्हतं. आकडे यायचे, सही यायची, बाकी कारभार अंदाजाने. ऑफिसात कुणी कागद पुढे केला की मी खिशातून चष्म्याची डबी काढायचो, उघडायचो, ती रिकामी बघून "अरेच्चा! चष्मा घरीच राहिला" म्हणायचो. डबी कायम रिकामीच असायची. चष्मा मला कधी लागलाच नाही. पेपरचं पान किती वेळाने उलटायचं याचाही मी हिशोब बसवला होता: मनात दीडशे मोजायचे आणि उलटायचं. गंमत म्हणजे मी पान उलटलं की लगेच मिस्त्रीही उलटायचे. मला वाटायचं, चला, आमचा दोघांचा वाचनाचा वेग छान जुळतो.

निवृत्त झाल्यावर बायकोने मला स्वयंपाकघरात बसवलं आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्यांपासून सुरुवात करून वाचायला शिकवलं. साठाव्या वर्षी अक्षरं कळायला लागली की माणसाचं काय होतं, ते ज्यांना सहाव्या वर्षी कळली त्यांना समजायचं नाही. मी काडेपेट्या वाचल्या. बसची तिकिटं पाठीपोटी वाचली. औषधाच्या बाटलीबरोबर जो बारीक अक्षरांचा कागद येतो तो मी पूर्ण वाचला, आणि दोन दिवस मला त्यातले सगळे त्रास होत होते. पण ही बातमी मिस्त्रींना सांगायची सोय नव्हती. त्यांच्या हिशोबाने मी बारा वर्षं पेपर वाचत होतो. जे येतच होतं ते आता यायला लागलं, हे कुणाला कोणत्या तोंडाने सांगणार?

अशा वेळी मागचा ब्रेक मऊ झाला. पॅडल दाबलं की पाय कणकेच्या गोळ्यात रुतल्यासारखा खाली जायचा आणि गाडी सवडीने थांबायची. त्यातच वाहन कार्यालयाचं पत्र आलं: जुन्या गाडीची तपासणी, आठ दिवसांनी, सकाळी दहा वाजता, ब्रेक व दिवे सुस्थितीत असावेत. पत्र मी स्वतः वाचलं. मोठ्याने.

मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, "आणा उद्या, भाऊ. ब्रेकच्या तेलात हवा धरलीय. काढून देतो."

इथे माणसाने गाडी नेऊन उभी करावी आणि चहा प्यावा. मी जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर गेलो आणि दुचाकीच्या देखभालीचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आलो. पान एक्केचाळीसवर ब्रेकमधली हवा कशी काढावी, ते क्रमवार लिहिलेलं होतं. मी ते पान पाच वेळा वाचलं. सहाव्यांदा ते कुणाला तरी वाचून दाखवल्याशिवाय मला राहवेना.

मिस्त्री एका गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी क्लिप बसवत होते. दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी पुस्तक उघडून सगळी कृती खड्या आवाजात वाचली आणि म्हणालो, "हे असं शास्त्रशुद्ध असतं, मिस्त्री. तुम्ही करता ते अंदाजपंचे. मी ठरवलंय, या वेळी आपण घरीच करायचं."

"करा की," मिस्त्री म्हणाले. "पण भाऊ, हाताला कळावं लागतं ते."

"हाताचं काय घेऊन बसलात? हे घ्या. वाचा तुम्हीच."

त्यांनी हात पुसले आणि पुस्तक घेतलं. बराच वेळ पानाकडे बघत राहिले. "चष्मा नाही आणला आज," ते म्हणाले. मग चित्रावर अंगठा टेकवून म्हणाले, "पण हे चित्र तुमच्या गाडीचं नाही, भाऊ. यात हवा काढायचा स्क्रू बघा कुठे आहे, आणि तुमच्या..."

"चित्रं बालवाडीत बघतात, मिस्त्री," मी म्हणालो. "शिकलेला माणूस मजकूर वाचतो."

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, माझा विनोद होता. मिस्त्रींनी पानावर उमटलेला अंगठ्याचा काळा डाग स्वच्छ फडक्याने पुसायचा प्रयत्न केला, तो निघेना. त्यांनी पुस्तक मिटून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं आणि खाली बसून क्लिप बसवायला घेतली. त्या दिवशी चहा आला नाही. दूध नासलं असेल, असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या आवारात मी कामाला लागलो. काम तसं सोपं आहे. मागच्या चाकाजवळ ब्रेक पकडणारा जो ठोकळा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. त्याला एक बारीक पोकळ स्क्रू असतो. एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने तो स्क्रू सोडायचा, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर आले की स्क्रू आवळायचा, मग पॅडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहायचं. पॅडलवर बायको होती. ती स्टुलावर बसून शेंगा सोलत होती आणि एका पायाने ब्रेक दाबत होती.

"दाब. धर. सोड. दाब. धर... अगं धर म्हटलं ना!"

"धरलंय. तुम्हीच पुस्तकात बघताय."

माझे हात तेलकट असल्यामुळे पान उलटायचं कामही तिच्याकडे होतं. ती मध्येच म्हणाली, "अहो, यात लिहिलंय की वरच्या डबीतलं तेल संपू देऊ नये, नाहीतर नव्याने हवा शिरते."

"ते बेचाळीसवर आहे. आपण अजून एक्केचाळीसवर आहोत."

आम्ही रीतसर बेचाळीसवर पोचलो तेव्हा डबी कोरडी ठणठणीत होती. पॅडल पूर्वी निम्मं खाली जायचं, आता जमिनीला टेकलं.

"मी तुम्हाला वाचायला शिकवलं," बायको शेंगांची टोपली उचलत म्हणाली. "थोडं थांबून शिकवायला हवं होतं."

एव्हाना गर्दी जमली होती. दुसऱ्या मजल्यावर निवृत्त हेडक्लार्क राहतात. ते इमारतीचे सचिवही आहेत, आणि खाली कुणी वाकलेलं दिसलं की ते जिना उतरतात. "पॅडल भराभर शंभर वेळा मारा," ते म्हणाले. "हवा घाबरून बाहेर पडते." आम्ही शंभर वेळा मारलं. हवा घाबरली नाही. तळमजल्यावरच्या नर्सबाई ड्युटीवर निघाल्या होत्या. जाता जाता त्या म्हणाल्या, "काका, आम्ही सुई टोक वर करून धरतो आणि मग दाबतो. बुडबुडा कधी खालून जातो का?"

"बाई, हे इंजेक्शन नाही," मी म्हणालो. "पुस्तकात असं काही लिहिलेलं नाही."

तीन दिवस मी हवा काढत होतो. दिवसाकाठी एक बाटली तेल जायचं, बुडबुडे यायचे आणि थांबायचे, आणि पॅडल होतं तसंच मऊ. तिसऱ्या दिवशी स्क्रूला लावलेली नळी निसटली आणि तेलाची चिळकांडी शेजारच्या स्कूटरच्या मडगार्डवर उडाली. मी धावत जाऊन फडक्याने चोळलं. फडकं हिरवं झालं. ब्रेकचं तेल रंग खातं, हे त्रेचाळीसवर होतं. स्कूटर हेडक्लार्कांची होती.

"हा कंपनीचा मूळ रंग होता," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"हा घ्या," बायको म्हणाली आणि तिने फडकं त्यांच्या हातात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर सूचना लागली. आवारात वाहनांची दुरुस्ती करू नये. तेल सांडून झालेल्या नुकसानीस संबंधित सभासद जबाबदार राहतील. मी ती उभ्याने तीन वेळा वाचली. माझ्या आयुष्यात माझ्याबद्दल लिहिलेला आणि मी स्वतः वाचलेला हा पहिलाच मजकूर.

"काय उभे आहात?" बायको म्हणाली. "ते तुमच्याबद्दल आहे."

"म्हणूनच वाचतोय," मी म्हणालो.

या दिवसांत मी मिस्त्रींकडे गेलो नाही. पराभव घेऊन कोण जाईल? ब्रेक कडक झाला की गाडीवर बसून जायचं, दुकानासमोर करकचून थांबायचं आणि मग खोक्यावर बसायचं, असा माझा बेत होता. दोनदा ते दारात उभे असलेले दिसले. एकदा त्यांनी हात थोडासा वर केला असं वाटलं. मी चाकामागे वाकलो.

आठव्या दिवशी तसाच मऊ ब्रेक घेऊन मी तपासणीला गेलो. पुढच्या ब्रेकच्या भरवशावर आणि हळू. तिथे तीन नंबरच्या खिडकीवर अर्ज, पाच नंबरच्या खिडकीवर शिक्का, आणि पाचवाला म्हणतो तीनची सही कुठे आहे. तीनवाला जेवायला गेलेला. तो आला तोवर शिक्केवाला गेला. शेवटी तपासनीस आले. त्यांनी गाडीवर न बसता नुसत्या हाताने पॅडल दाबलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, हा ब्रेक आहे की उशी?"

कागदावर त्यांनी लिहिलं: मागील ब्रेक असमाधानकारक. पंधरा दिवसांनी पुन्हा. एवढा लांबलचक शब्द मी एका दमात वाचला आणि वाचता आल्याचं आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

पुढची तारीख घ्यायला पुन्हा तीन नंबरच्या रांगेत उभा होतो. मागे चाळिशीचा एक रंगारी होता, हातावर पांढरे ठिपके. त्याने हळूच माझ्या खांद्याला हात लावला. "काका, एवढा अर्ज भरून देता का?" असं म्हणत त्याने खिशातून चष्म्याची डबी काढली, उघडली, आत बघितलं आणि म्हणाला, "अरेच्चा! चष्मा घरीच राहिला."

डबी रिकामी होती. कोपऱ्यात धूळ होती. चष्मा रोज ठेवला तर डबीत धूळ बसत नाही, हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं कुणाला नसेल. त्याने काम छान केलं. "अरेच्चा" मी जरा जास्त मोठ्याने म्हणायचो, इतकाच फरक. मी त्याचा अर्ज भरायला घेतला. नाव, पत्ता. आणि पत्ता लिहिता लिहिता माझा हात थांबला.

चष्मा नाही आणला आज.

मिस्त्रींना मी बारा वर्षांत चष्मा लावलेला कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी ते तांदळाच्या दाण्याएवढी क्लिप नुसत्या डोळ्यांनी बसवत होते. धुळीत पडलेली बेअरिंगची छर्र्याएवढी गोळी ते उभ्या उभ्या हेरतात. आणि पेपर? मी दीडशे मोजून पान उलटायचो तेव्हा ते उलटायचे. ते माझ्याकडे बघून उलटायचे. मला वाटत होतं की त्यांनी वाचलं आहे आणि त्यांना वाटत होतं की मी वाचलं आहे. सगळ्या जगातल्या बातम्या आम्ही दोघांनी मिळून बारा वर्षं "काही विशेष नाही" म्हणून निकालात काढल्या होत्या. चष्म्याच्या त्या वाक्याचा मी अर्धं आयुष्य मालक होतो. दुसऱ्याच्या तोंडून आलं तेव्हा ओळखलं नाही, आणि वर बालवाडी काढली. दोन गिऱ्हाइकांसमोर.

"काका, पुढे?" रंगारी म्हणाला.

"लिहितोय, लिहितोय," मी म्हणालो.

घरी येऊन मी पुस्तक उघडलं. पान एक्केचाळीस. पहिल्यांदा चित्राकडे नीट बघितलं. अंगठ्याचा तो काळा डाग चित्रातल्या स्क्रूवर नेमका होता, आणि चित्रात तो स्क्रू कॅलिपरच्या डोक्यावर होता. माझ्या गाडीत कॅलिपर चाकाच्या दांड्याखाली लोंबकळतो आणि स्क्रू बुडाशी. म्हणजे मी तीन दिवस खालून तेल काढत होतो आणि हवा वर आरामात बसली होती. एकतीस वर्षं मी पाण्याच्या लायनीतली हवा काढली. हवा काढायचा व्हॉल्व्ह लायनीच्या सगळ्यात उंच जागी बसवतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. वाचायला येत नव्हतं तोवर मला हे येत होतं.

गाडी ढकलत रस्ता ओलांडला.

"मिस्त्री."

"बोला, साहेब."

बारा वर्षं मी भाऊ होतो. कुणी शिवी दिली असती तर निदान उलटून बोलता आलं असतं.

"गाडी नापास झाली."

"लावा तिकडे."

"तुम्ही चित्राचं म्हणाला होतात, ते बरोबर होतं. मी बघितलंच नाही."

"आम्ही काय सांगणार, साहेब? आम्ही काही पुस्तकं वाचत नाही." हे त्यांनी साध्या आवाजात सांगितलं, पाना शोधता शोधता. ते रागावून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी कॅलिपरचे दोन बोल्ट काढले, दोन पॅडच्या मध्ये लाकडाची एक पट्टी सारली आणि कॅलिपर तसाच नळीसकट वर उचलून तारेने सीटच्या दांड्याला टांगला. आता स्क्रू आकाशाकडे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्यांनी कॅलिपरवर टकटक केलं.

"दाबा, साहेब. धरा."

एक मोठा बुडबुडा आला. मग बारीक बारीक. मग नुसतं तेल. पॅडल माझ्या पायाखाली दगडासारखं झालं. चहा पिऊन व्हावा एवढ्या वेळात काम आटोपलं. चहा नव्हता.

मी गेलो नाही. माझ्या हिशोबाने माफी मागायची एकच पद्धत उरली होती. खिशात ती रिकामी डबी अजून होती. मी ती काढून त्यांच्या पाना-पक्कडींमध्ये ठेवली.

"मिस्त्री, मला वाचता येत नव्हतं. आपण पेपर बघायचो ना, तेव्हा. दीड वर्षापूर्वी बायकोने शिकवलं. ही डबी रिकामी आहे. कायम रिकामीच होती."

त्यांचे हात थांबले. ते म्हणाले, "मग रोज काही विशेष नाही म्हणायचात, ते कशावरून?"

"तुम्ही शांतपणे पानं उलटायचात. म्हटलं, काही असतं तर मिस्त्री बोलले असते."

त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मी वाट बघत होतो. आता तेही सांगतील, मग आम्ही दोघं पोट धरून हसू आणि बॅटऱ्या खाली उतरतील. मिस्त्रींनी डबी उचलली, फडक्याने पुसली आणि माझ्या हातात परत ठेवली.

"माझा चष्मा करायला टाकलाय," ते म्हणाले. "येईल आता."

"हो का?" मी म्हणालो. "बरं झालं."

दुसऱ्या खेपेला गाडी पास झाली. हेडक्लार्कांचा मडगार्ड मी रंगवून दिला, रंग जरा वेगळा आला. मी अजून संध्याकाळी मिस्त्रींकडे जातो. खोक्यावर बॅटऱ्या असल्यामुळे उभाच राहतो. पाच-दहा मिनिटं. गाडी कशी आहे, म्हणतात. छान आहे, म्हणतो. पेपर कोपऱ्यात घडीतच पडलेला असतो, त्याला कुणी हात लावत नाही.

परवा मात्र त्यांनी तो उचलला. उघडला, पहिल्या पानाकडे बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे न बघता माझ्यापुढे धरला.

"काय म्हणतोय पेपर आज?"

बारा वर्षांत हा प्रश्न आमच्यात कधी झाला नव्हता. मला तो कळला. पान माझ्या हातात होतं, अक्षरं स्वच्छ दिसत होती, कुठे पूल खचला होता, कुठे मंत्री बदलले होते, खाली एका कुत्र्याने चोर पकडल्याची बातमीही होती, फोटोसकट. मी तोंड उघडलं, आणि माझी जीभ, बारा वर्षांच्या सवयीने, माझ्याआधी बोलून गेली.

"आज काही विशेष नाही."

मिस्त्रींनी हात पुढे केला.

"नाही ना," ते म्हणाले. त्यांनी पेपर माझ्या हातून घेतला, त्याची चौपदरी घडी केली आणि एका गळक्या बॅटरीखाली सारली.